एक्केचाळीस नंबरची रायफल

हाइल,
९ ऑक्टोबर २०२३

दादा, नमस्कार.

फोनवर चार फोटो पाठवून काम भागलं असतं, पण तुम्ही ते उघडूनही बघत नाही हे मागच्या वेळी कळलं. तेव्हा तुमच्या अटीप्रमाणे कागद-पेन घेऊन बसलोय. दुपारी दुकान बंद असतं, रस्त्यावर कोणी फिरकत नाही, त्यामुळे निवांत आहे.

काम असं. आमच्या दुकानात तंबू, दुर्बिणी, ससाण्यांच्या टोप्या असं सगळं विकतात आणि लायसन्सवाल्यांना शिकारीच्या रायफली. मागच्या खोलीत दुरुस्तीला मी एकटा. परवा मालकाने, म्हणजे माझ्या कफीलने, एक जुनी बोल्टवाली रायफल आणून माझ्या टेबलावर ठेवली. नळीवर 'फेल्डहाउझर' असं नाव कोरलंय. कफील म्हणतो, या ऑस्ट्रियातल्या कारखान्याने साठ वर्षांपूर्वी इथल्या शिकाऱ्यांसाठी मोजक्याच रायफली बनवल्या होत्या, त्यातली ही निघाली तर मोठंच घबाड. "यान्बूला तुझा मेहुणा आहे ना, त्याला विचार," म्हणाला.

तुमचं नाव इथपर्यंत पोचलंय, दादा. असल्या रायफली ओळखणारा माणूस म्हणून इथले शौकीन तुमचं नाव घेतात आणि तुम्ही मात्र तिथे पंपांचे शाफ्ट कातत बसलाय. खरी कशी ओळखायची आणि किंमत कशी धरायची ते सविस्तर लिहा. कोल्हापूरच्या बंदुकांच्या दुकानात मी तुमच्या हाताखाली दस्त्यांचं लाकूड घासत होतो, तेव्हा हे सगळं कानावर पडायचं, पण मन नव्हतं. आता आहे.

रूपालीचा फोन रोज असतो. नूपुर चौथीत आहे. मला या अरबी मुलखात येऊन सहा वर्षं झाली, पोरीने मला धड पाहिलेलं नाही. फॅमिली व्हिसाचं विचारलं की कफील 'इन्शाअल्ला' म्हणतो आणि चहा मागवतो.

तुमचा,
ज्ञानेश


यान्बू,
२१ ऑक्टोबर २०२३

ज्ञानेश,

तुझं पत्र मिळालं. कागदावर लिहायला मी का लावतो ते सांगतो. फोटो काढणारा माणूस वस्तू बघत नाही, तो फोन बघतो. लिहायला बसलं की दहा वेळा उठून वस्तू हातात घ्यावी लागते. ओळख तिथे होते.

आता फेल्डहाउझर. त्यांच्या हजारो साध्या रायफली जगभर आहेत. बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, काडतूस आत, पुढे ढकलून खाली दाबायचा; रचना तीच, पोलाद तेच. त्यातल्या फक्त साठ रायफली १९६४ साली या भागासाठी वेगळ्या केल्या. त्या साठांतल्या एकोणीस मी पाहिल्यात किंवा त्यांची पक्की माहिती माझ्याकडे आहे. माझी वही तुला माहीत आहे.

पहिलं, नंबर. एक ते साठमधला अंक तीन ठिकाणी असतो. नळी जिच्यात बसते त्या पोलादी चौकटीवर, म्हणजे रिसीव्हरवर. बोल्टच्या दांडीच्या बुडाशी. आणि दस्त्याच्या मागच्या पट्टीच्या आत. तिन्ही जुळले तरच पुढे बघायचं. दुसरं, अंकाच्या कडा. कारखान्यात नंबर आधी ठोकायचे आणि पोलादाला निळा रंग नंतर चढवायचे. म्हणून खऱ्या अंकाच्या खोबणीत तळापर्यंत निळा रंग असतो आणि कडा बोटाला मऊ लागतात. तिसरं, दस्ता काढ आणि लाकडाच्या खोबणीत बघ. जोडणाऱ्या कारागिराने शिसपेन्सिलीने दोन अक्षरं लिहिलेली असतात. लाकडात मुरलेली पेन्सिल खोडरबराने जात नाही.

किमतीचं म्हणशील तर साधी रायफल सहा-सात हजार रियालला जाते आणि साठांतली पन्नास हजारांच्या वर. पण दुर्मीळ आहे एवढ्याने किंमत येत नाही. जशी कारखान्यातून निघाली तशी राहिलेली असेल तर येते. कोणी नवीन पॉलिश मारलं असेल, घासली असेल, तर किंमत निम्मी. ओरखडे असू देत. ओरखडे खरे असतात.

तुला यात मन लागतंय हे वाचून बरं वाटलं. मला मूल नाही. ही वही कोणाला द्यायची असा प्रश्न हल्ली पडायला लागला होता.

उमाकांत


हाइल,
६ नोव्हेंबर २०२३

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र समोर ठेवून रायफल उघडली. रिसीव्हरवर पाच आकडी नंबर आहे, म्हणजे साधीच. पेन्सिल नाही, काही नाही. कफीलचा चेहरा उतरला. म्हणाला, खलास, ठेव तशीच कपाटात.

पण मला तुमच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं की बघणं म्हणजे काय. आणखी शिकायचंय. दोन गोष्टी विचारतो. पुढेमागे कोणी बनावट रायफल घेऊन आला, तर ती बनावट आहे हे कशावरून कळतं? बनावट करणारे नेमकं कुठे चुकतात? आणि दुसरं, साठांतल्या एकोणीस तुम्हाला माहीत आहेत, तर उरलेल्यांतले कुठले नंबर आजवर कुठेच दिसलेले नाहीत? ते माहीत असेल तर इथल्या गावांतून चौकशी करता येईल. इथे जुन्या घरांत काय काय पडलेलं असतं, तुम्हाला सांगून खरं वाटायचं नाही.

वहीबद्दल तुम्ही लिहिलंत ते रूपालीला फोनवर वाचून दाखवलं. ती रडायला लागली. म्हणाली, दादाने मला वाढवलं, शिकवलं, आता तुम्हालाही तोच शिकवतोय.

ज्ञानेश


यान्बू,
१९ नोव्हेंबर २०२३

ज्ञानेश,

चांगले प्रश्न आहेत. वीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नाही. सगळे विचारतात, किती मिळतील.

बनावट करणारा घाई करतो. तो साधी रायफल घेतो, जुना नंबर काढतो आणि नवा ठोकतो. ठोकून झाल्यावर पोलादाला पुन्हा रंग देतो, तेव्हा आजूबाजूचा जुना रंग आणि नवा रंग वेगळे पडतात. इंग्रजी चारच्या (4) आकड्यात तर हमखास चुकतो. फेल्डहाउझरचा चार वरून उघडा आहे, बाजारातला ठसा वरून बंद असतो. पेन्सिलीची अक्षरं लिहितो, पण ताज्या पेन्सिलीला चमक असते. आणि स्क्रू. कारखान्यातले सगळे स्क्रू बसवल्यावर त्यांच्या खाचा नळीच्या दिशेने सरळ रेषेत यायच्या. बनावटवाल्याला हे माहीतच नसतं.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेव, कारण ती किमतीची नाही, जिवाची आहे. जुना नंबर बुजवायला काही लोक रिसीव्हरच्या पुढच्या भागावर वेल्डिंग करतात. तिथेच आतल्या बाजूला बोल्टचे दात अडकतात आणि गोळी सुटताना सगळा दाब ते दात झेलतात. त्या पोलादाला ज्योत लागली की त्याचं पाणी उतरतं, ते नरम पडतं. बाहेरून काही कळत नाही. पहिल्या दहा-वीस गोळ्या नीटही जातात. मग एक दिवस बोल्ट किंचित मागे सरकतो, काडतूस फुटतं आणि धग सरळ माणसाच्या तोंडावर येते. अशी रायफल कधी हाती आली, तर ती दुरुस्त करायची नाही, विकायची नाही. कापून टाकायची.

न दिसलेल्या नंबरांचं पान वहीतून उतरवून सोबत जोडलंय. आपल्या दोघांतच ठेव.

उमाकांत


हाइल,
११ जानेवारी २०२४

दादा, नमस्कार.

बसून वाचा. एक्केचाळीस नंबर सापडला.

इथून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या एका गावातलं घर. म्हातारा गेल्या वर्षी वारला, मुलांना रायफलीत रस नाही. कागद-परवाना सगळं रीतसर बदलून कफीलने ती घेतली. मी तीन दिवस ती घेऊन बसलोय. तिन्ही ठिकाणी ४१. चार वरून उघडा. अंकांच्या खोबणीत तळापर्यंत निळा रंग, कडा मऊ. दस्ता काढला तर आत पेन्सिलीने एच आणि के. चमक अजिबात नाही. सगळ्या स्क्रूंच्या खाचा सरळ. दस्त्यावर उजवीकडे लांब ओरखडा आहे, तो तसाच ठेवलाय. रिसीव्हरचा रंग एका बाजूला जरासा गडद वाटतो, उन्हात ठेवल्यामुळे असेल.

एक गिऱ्हाईक तयार आहे, पण तो म्हणतो, यान्बूच्या 'हिंदी', म्हणजे भारतीय, उस्तादाचा कागद पाहिजे. तुम्ही स्वतः आलात तर उत्तमच. पण तुमच्या प्लांटचं शटडाउन सुरू आहे, तुम्हाला मार्चपर्यंत सुट्टी नाही हे मला माहीत आहे आणि तो मार्चपर्यंत थांबणार नाही. तुम्ही इंग्रजीत चार ओळी लिहून सही केलीत तरी चालेल.

कफीलने रूपाली आणि नूपुरच्या व्हिसाचे कागद माझ्यासमोर टेबलावर काढून ठेवलेत. हा व्यवहार झाला की सही करतो म्हणाला. दबाव आणत नाही, दादा. आहे ते सांगतो.

ज्ञानेश


यान्बू,
२२ जानेवारी २०२४

ज्ञानेश,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. हातात घेतल्याशिवाय मी आजवर एकाही रायफलीवर सही केलेली नाही. तीन दिवस तेच मनात घोळत होतं.

रंगाचं तू लिहिलंस ते खटकलं. उन्हाने निळा रंग फिका होतो, गडद होत नाही. पण जुनं तेल मुरलं की तसा डाग पडतो आणि साठ वर्षांच्या रायफलीत तेल मुरणारच. बाकी वर्णन इतकं नेमकं आहे की जणू मीच समोर बसून बघतोय. मग वाटलं, मी ज्याला शिकवलं त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, तर शिकवलं कशाला?

सोबत इंग्रजीतला कागद आहे. एक्केचाळीस नंबरची ही रायफल साठांतलीच, अस्सल आणि मूळ स्थितीत आहे, असं माझं मत लिहिलंय. किंमत पंचावन्न ते साठ हजारांच्या दरम्यान धरावी. कोणी घेतली ते कळव, वहीत नोंद करायची आहे.

रूपालीला सांग, येताना माझ्यासाठी काही आणू नको. नुसती ये.

उमाकांत


यान्बू,
२५ एप्रिल २०२४

ज्ञानेश,

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. फोनवर तू रमजानची गर्दी म्हणालास, मग ईदची. रूपाली आणि नूपुर सुखरूप पोचल्या हे तिच्याकडूनच कळलं. हाइलचं पाणी तिला खारट लागतं म्हणे.

एक्केचाळीस नंबर कोणाकडे गेला, तेवढं एक नाव मी तिसऱ्यांदा विचारतोय. वहीत त्या ओळीपुढे जागा रिकामी आहे.

उमाकांत


हाइल,
८ मे २०२४

श्री. उमाकांत मेस्त्री यांस नमस्कार.

आपली ओळख नाही. मी ममता सोनवलकर, मूळची फलटणची. इथल्या एका हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या वॉर्डात नर्स आहे. तुमचा पत्ता मला एका पेशंटच्या फाइलमधल्या कागदावर मिळाला. खाली तुमची सही आणि यान्बूचा पोस्ट बॉक्स आहे. आडनाव वाचून आपल्याकडचे वाटलात म्हणून मराठीत लिहिते आहे.

पेशंट इथलेच आहेत. सगळे त्यांना अबू झयान म्हणतात, म्हणजे झयानचे वडील. एकसष्ट वर्षांचे, निवृत्त शिक्षक. फेब्रुवारीत त्यांनी एक जुनी शिकारीची रायफल घेतली. त्यांच्या वडिलांकडे तशीच होती म्हणे, लहानपणी ती विकावी लागली होती. तीस एप्रिलला ते परवान्याच्या मैदानावर नेम धरायला गेले होते. रायफलीतलं काडतूस मागच्या बाजूने फुटलं आणि धातूचे तुकडे आणि वायू थेट चेहऱ्यावर आले. उजवा डोळा आम्हाला वाचवता आला नाही. गालाची जखम भरेल.

तुमचा कागद त्यांच्या भावाने डॉक्टरांना दाखवला, कुठली रायफल होती हे कळावं म्हणून. अबू झयान शुद्धीवर आल्यापासून एकच गोष्ट सांगतात. रायफल चांगलीच होती, यान्बूच्या उस्तादाने लिहून दिलंय, माझंच काहीतरी चुकलं असेल. रोज ड्रेसिंग करताना मी हे ऐकते. ते स्वतःला दोष देतात हे मला बघवत नाही. तुम्ही यातले जाणकार असाल तर काय झालं असेल ते त्यांना सांगाल का? त्यांना बरं वाटेल.

पोलिसांनी रायफल नेली आहे. भावाकडे तिचे फोटो आहेत, त्याला विचारून त्यांच्या प्रती सोबत पाठवते.

ममता सोनवलकर


यान्बू,
१४ मे २०२४

ज्ञानेशराव,

कोल्हापुरात तुम्ही कामाला लागलात तेव्हा वीस वर्षांचे होतात, म्हणून तुमचं रूपालीशी लग्न झाल्यावरही मी अरे-तुरेच करत राहिलो. आता ते बरोबर दिसणार नाही.

मी आयुष्यात पहिल्यांदा फोटोंवरून रायफल ओळखली. रिसीव्हरच्या पुढच्या भागावर, जिथे तो गडद डाग होता, तिथून तडा गेलेला आहे. आत बोल्टच्या दातांची जागा मेणासारखी दबलेली दिसते. ते तेल नव्हतं. ती ज्योतीची खूण होती आणि ती तुम्ही मला स्वतः लिहून कळवली होतीत. मीच तिला तेल म्हटलं.

ऑक्टोबरात आलेली, मग कपाटात ठेवलेली साधी रायफल ती हीच का, एवढंच मला सांगा. आणि माझं नोव्हेंबरचं पत्र तुम्ही ज्योत पेटवण्याआधी वाचलं होतं की नंतर.

उमाकांत मेस्त्री


हाइल,
२१ मे २०२४

दादा,

हीच. आणि आधी वाचलं होतं.

तुम्हाला खोटं सांगत नाही. कफीलने डिसेंबरात माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या, व्हिसाचे कागद आणि ती रायफल. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्या वेळी त्याने माझ्या इकाम्याचा, राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा, विषय काढला. तुमच्यासारखी माझी चार जणांत ओळख नाही. सहा वर्षं मी सहा जणांच्या खोलीत झोपलो. नूपुर फोनवर मला 'हॅलो अंकल' म्हणाली होती एकदा, चुकून. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

ज्योत अगदी लहान होती, दादा. जुन्या आकड्यांपुरती. ओला कपडा गुंडाळून केलं. मी स्वतः मैदानावर सहा गोळ्या मारून बघितल्या, काही झालं नाही. मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखं जरा जास्तच सांगता. अशी रायफल घेणारा माणूस ती भिंतीवर लावतो. म्हातारा ती चालवेल हे कोणाच्या मनात होतं?

आता पुढचं. पोलिसांनी दुकान बंद केलंय. कफील म्हणतो, एक तर तू जा, नाहीतर तुझा उस्ताद. खुणा कुठल्या, आकडा कसा, नंबर कुठला मोकळा, सगळं तुमच्याच पत्रांत आहे. कागदावर सहीसुद्धा तुमची. मी तुमच्या पत्रांचा हिंदीत अर्थ करून दुकानाच्या मॅनेजरकडे दिला आहे. त्याला हिंदी वाचता येतं, तो अरबीत सांगेल. मी सांगितलंय की मी फक्त हात चालवले, सांगणारे तुम्ही होतात.

तुम्हाला ते फार काही करणार नाहीत. तुमची कंपनी मोठी आहे, तुमचं वय झालंय, फार तर परत पाठवतील. मला पाठवलं तर रूपाली आणि नूपुर इथे उघड्यावर पडतील. तुम्ही तिच्यासाठी आजवर काय नाही केलंत? हे शेवटचं करा. यान्बूला पोलीस आले तर गप्प राहा, एवढंच मागतो.

ज्ञानेश


हाइल,
४ जुलै २०२४

ज्ञानेशराव,

इथला एक मल्याळी समाजसेवक तुरुंगात ये-जा करतो. त्याच्या हातून हे पत्र तुम्हाला मिळेल. काय काय झालं ते तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

पोलीस यान्बूला आले नाहीत. तुमचं पत्र मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी मीच इथे आलो. आधी हॉस्पिटलात गेलो. ममताबाईंनी मला अबू झयानजवळ नेऊन बसवलं आणि दुभाषी म्हणून उभ्या राहिल्या. त्यांना अरबी चांगलं येतं. मी सांगितलं, चूक तुमची नव्हती. रायफल बनावट होती, कागद माझा होता. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तू ती बघितली होतीस?"

मी म्हणालो, "नाही."

"मग लिहिलंस का?"

"माझ्या माणसावर विश्वास ठेवला."

ममताबाईंनी ते अरबीत सांगितलं. म्हातारा उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मीही तेच केलं. तुझ्यावर."

यापेक्षा ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं.  निघताना त्यांनी मुलाला सांगून मला कहवा दिला. तो प्यायलो. पिणं भाग होतं.

मग पोलिसांकडे. तुमची सगळी पत्रं मी दिली. माझीही दिली. कामाचं प्रत्येक पत्र मी कार्बन ठेवून लिहितो, कोल्हापूरपासूनची सवय आहे. तुम्ही ती शेजारी बसून वर्षानुवर्षं पाहिली होतीत. न बघता सही केली, हेही लिहून दिलं. कंपनीने पंधरा दिवसांत मला कामावरून काढलं. कोर्टाने जबाब घेतला, माझ्यावर दंड बसवला आणि देश सोडायला सांगितलं. परत यायची परवानगी नाही. तुमच्या कफीललाही धरलंय, हे तुम्हाला कळलं असेल. तुमचा निकाल लागायला वेळ लागेल, कारण अबू झयानने शिक्षा आणि भरपाई मागायचा आपला हक्क सोडलेला नाही. त्यांनी तो सोडावा असं मी सांगितलं नाही. तुम्ही मला तसं सांगायला लावू नका.

वही मी जाळली नाही, तसलं काही केलं नाही. ती ममताबाईंच्या हाती अबू झयानकडे पाठवली. त्यांना रायफली आवडतात. एक्केचाळीसच्या ओळीत मी 'बनावट, माझ्या सहीने खपलेली' असं लिहिलंय.

रूपाली आणि नूपुरला मी घेऊन जातोय. बारा तारखेचं विमान आहे. दोघी सध्या ममताबाईंच्या क्वार्टरवर आहेत. नूपुरला सांगितलंय की बाबांचं काम संपायला उशीर होणार आहे. ती काही विचारत नाही, त्यावरून तिला कळलंय असं वाटतं.

आता एकच राहिलं.

तुम्ही मॅनेजरकडे दिलेली ती हिंदी पानं पोलिसांनी मला दाखवली. माझ्या नोव्हेंबरच्या पत्राचं भाषांतर मी शब्द न् शब्द वाचलं. चार वरून उघडा, आहे. स्क्रूच्या खाचा, आहेत. न दिसलेले नंबर, आहेत. ज्योत लावायची नाही, माणूस मरेल, अशी रायफल कापून टाकायची, हा सगळा मजकूर गाळलेला आहे. तो वाक्यांच्या मधून इतक्या सफाईने काढलाय की वाचणाऱ्याला शंका येऊ नये. तुम्हाला हिंदी लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे.

अधिकाऱ्याने माझी कार्बन प्रत आणि ती पानं शेजारी शेजारी ठेवली. त्याचा दुभाषी वाचून दाखवत होता आणि तो मजकूर आला तेव्हा अधिकाऱ्याने मान वर केली. त्या मजकुरामुळेच मी सुटलो, हे तुम्हाला वकील सांगेलच. मग त्याने विचारलं, "हे हिंदी अक्षर कोणाचं?"

आई गेली तेव्हा रूपाली पाच वर्षांची होती. तिला मुळाक्षरं मी शिकवली. तिचा 'ळ' मी कितीदा सांगूनही वळणदार झाला नाही, तो अजून डावीकडे कलतो. हिंदीत 'ळ' लागत नाही. पण पानोपानी रायफलीच्या नळीचा उल्लेख आलाय, आणि 'नली'ऐवजी तिने मराठीसारखंच, 'ळ' घालून 'नळी' लिहिलंय. लहानपणी हिंदीच्या वहीतही ती असंच लिहायची.

गेले पाच आठवडे ती रोज मला जेवायला वाढते. माझ्या बॅगेतले कपडे तिने धुवून घडी करून ठेवले. मी तिला काही विचारलेलं नाही आणि ती काही बोललेली नाही.

अधिकाऱ्याला मी सांगितलं, "माहीत नाही."

उमाकांत मेस्त्री